पाय टेकवणे

स्कूटर गॅरेजात, घरातली सोलकढीची सोलं संपलेली आणि श्रावणातली छान उघडीप. म्हणून चार वाजता पुतण्याची सायकल काढली. गोव्यातलं आमचं म्हार्दोळ ते मंगेशी, जेमतेम एक किलोमीटर. "पंधरा मिनिटांत आलो," असं बायकोला सांगून निघालो.

वाड्याच्या तोंडाशीच पोदेर, म्हणजे दारोदार पाव विकणारा, भेटला. तसा तो रोजच भेटतो, पण मी स्कूटरवर असलो की त्याला मागे टाकतो, एवढीच आमची ओळख. आज दोघंही सायकलवाले. टोपलीवरचं निळं प्लास्टिक फडफडत होतं आणि त्याखालून उंड्यांचा, म्हणजे गोल पावांचा, गरम वास थेट नाकात. त्याने भोंगा वाजवला, पों पों. मी घंटी. एका घरापुढे तो थांबला, तर मीही पाय टेकवला. का, कोण जाणे.

"खंय वता रे?" कुठे चाललास, ओट्यावरच्या आजींनी विचारलं. पाव राहिला बाजूला, प्रश्न मला.

"हांगाच." इथेच.

आमच्याकडे याला दुसरं उत्तर नाही. विचारणाऱ्यालाही तेवढं पुरतं. स्कूटरवाल्याला कोण विचारणार? 'खंय' म्हणेपर्यंत तो पुढच्या वाड्यावर.

बाबांना या एक किलोमीटरला पाऊण तास लागायचा. मी पुढच्या दांडीवर, खाली टॉवेलाची घडी, पायांना मुंग्या. बाबा पेडल कमी मारायचे, पाय जास्त टेकवायचे. कुणाची गाय आटली, कुणाचा पोरगा परीक्षेत राहिला, यंदा गणपतीवरच्या माटोळीला टांगायला सुपारीचा घोस कुणाकडचा. आई म्हणायची, "ह्यांची सायकल म्हणजे महालसेची पालखी. दारोदार थांबणार."

पालखीचं मात्र मला पटतं. आमची देवी महालसा मूळची वेर्ण्याची. मंगेशीचा देव मंगेश 1560 साली कुशस्थळीहून जुवारी नदी ओलांडून इकडे आला. पोर्तुगीजांच्या भीतीने, जीव मुठीत धरून केलेले ते प्रवास घाईतच झाले असणार. म्हणूनच की काय, आता दोघांनाही घाई म्हणून नसते.

मी असल्या विचारात असताना हमरस्त्यावर एक ट्रक इतका चिकटून गेला की सायकलप्रेम क्षणभर गळून पडलं. उतरलो आणि मुकाट आतल्या वाटेने हातात सायकल धरून चालू लागलो. तिथे एक बाई पायरीवर जायांच्या कळ्या केळीच्या सोपाच्या दोऱ्यात गुंफत होत्या. म्हणाल्या, "बाबांसारखेच चालतोस." बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. त्या बाईंना मी ओळखलंही नव्हतं. तरी पाय टेकवला, चांगला वीस मिनिटं.

घरी पोचलो तेव्हा पिशवीत चार उंडे आणि जायांची एक माळ.

बायकोने आधी घड्याळाकडे पाहिलं, मग पिशवीत.

"सोलं?"

नारळाचा रस काढून तयार होता. रात्री ताकावर भागवलं.