चर बुजलाय, पण चर कोणाचा?

चर साफ करायला दोन तास लागले. परवानगीला अख्खा हंगाम.

शेताच्या वरच्या अंगाने रस्ता जातो. त्याचा चर गाळाने बुजलेला, त्यामुळे पाणी रस्त्यावरून वाहायचं आणि वळणावर माझ्या बांधावरून खाली उडी घ्यायचं. बांधाला गुडघाभर घळ पडली तेव्हा अर्ज केला.

पहिल्या कचेरीत उत्तर मिळालं, "रस्ता आमचा, चर नाही." दुसरीकडे, "चर रस्त्यातच धरतात, तिकडेच जा." तिकडे गेलो तर नकाशा मागितला. नकाशात रस्ता म्हणजे एक रेघ! चर रेघेच्या आत की बाहेर, यावर दोन टेबलांचं एकमत होईना. वैतागून म्हटलं, मीच खणतो. तर लगेच दंडाचा नियम निघाला. चर कोणाचा ते माहीत नाही, दंड कोणी घ्यायचा ते मात्र पाठ.

शेवटी एकच वाक्य लिहून दिलं: "चर आपल्या हद्दीत येत नसल्यास तसे लेखी कळवावे." सोबत भर पावसातला फोटो, चरातलं चहासारखं पाणी ओढ्यात पडतानाचा. लेखी द्यायला कोणी तयार होईना, म्हणून परवानगी मिळाली. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका, मी पहिल्या वेळी विसरलो होतो.

यंत्रवाल्याने पहिला टप्पा दाढी केल्यासारखा गुळगुळीत केला. मला बघायला बरं वाटलं, तीच चूक. पुढच्या सरीत उघड्या कडा ढासळल्या आणि सगळी माती ओढ्यात. मातीच्या कणांना चिकटून खतातला स्फुरदही (फॉस्फरस) जातो, त्यावर पाण्यात शेवाळ माजतं. पुढे फक्त तळाचा गाळ काढायला लावला, कडांचं गवत राखलं. तळ टोकदार नको, पसरट हवा. उघडी पडलेली जागा त्याच दिवशी गवताचं बी टाकून पालापाचोळ्याने झाकली.

आणि हो, सुरुवात उताराच्या खालच्या टोकाकडून करा. वरून केली तर पाणी खालच्या गाळात तुंबतं. काढलेला गाळ काठावर टाकू नका, पहिल्या पावसात परत आत येतो. तीव्र उतारावर दगडांचे छोटे अडथळे घातले, मधे खोलगट, कडेला उंच. उलट झालं तर पाणी बगल देऊन काठ खातं.

रस्त्याखालून पाणी नेणाऱ्या मोरीच्या तोंडाशी दगड टाकायचे अजून राहिलेत. मोरी कोणाची ते विचारायला सोमवारी जायचंय.