ओलान्तायताम्बोचे थकलेले दगड

पेरूतल्या कुस्कोला विमानातून उतरलो आणि सामान उचलतानाच धाप लागली. शहर ३,४०० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून उंच. म्हणून तिथे न थांबता कोलेक्तिवो म्हणतात त्या वडापसारख्या गाडीने थेट ओलान्तायताम्बोला उतरलो. हे गाव २,८०० मीटरच्या आसपास. पहिला दिवस मुद्दाम काहीच केलं नाही. कोकाच्या पानांचा चहा घेत बसून राहिलो. स्पॅनिश लोक येण्याआधी इथे राज्य करणाऱ्या इंकांनी आखलेल्या गल्ल्यांत आजही लोक नांदतात आणि दारासमोरच्या दगडी पाटांतून पाणी खळखळतं. डोकं जड होतं, तरी तो आवाज ऐकत छान झोप लागली.

तिकिटाचं आधी समजून घ्या. गावाला लागून इंकांचा किल्ला आहे, पण नुसत्या या किल्ल्याचं वेगळं तिकीट नाही. १६ ठिकाणांचं दहा दिवस चालणारं १३० सोलला (सोल हे पेरूचं चलन), किंवा उरुबांबा नदीच्या खोऱ्यातल्या चार ठिकाणांचं दोन दिवसांचं ७० सोलला. मी दुसरं घेतलं. पैसे रोख ठेवलेले बरे.

सकाळी सातला दार उघडताच चढायला लागलो. दोनशेच्या वर पायऱ्या, बाजूला माणसापेक्षा उंच दगडी ताली. सह्याद्रीतल्या सवयीने भराभर निघालो आणि विसाव्या पायरीवरच छाती भरून आली. मग वीस पायऱ्या, थांबा, पुन्हा वीस. असं थांबत चढल्यामुळेच चिऱ्यांचे सांधे नीट पाहता आले. चुना नाही की माती नाही. चिऱ्याला चिरा घासून असा बसवलाय की नख जात नाही.

वर सूर्यमंदिराची भिंत. गुलाबी रायोलाइटचे (हा ज्वालामुखीचा खडक) सहा अजस्र दगड उभे, आणि दोन दगडांमध्ये दगडाचीच अरुंद पट्टी. मी तिथे तासभर बसलो. हे मंदिर पुरं झालंच नाही. खाली दिसणाऱ्या मैदानात इंकांचा राजा मांको इंका याने नदीचं पाणी सोडून स्पॅनिश सेनानी एर्नांदो पिसारोच्या घोडदळाला चिखलात अडकवलं आणि माघारी पाठवलं. स्पॅनिश फौजेवरच्या इंकांच्या मोजक्या विजयांपैकी हा एक. गडावर वाढलेल्या माणसाला ती जागा पाहून भरून येतं.

हे दगड आले उरुबांबा नदीपलीकडच्या काचिकाता खाणीतून, समोरच्या डोंगरावरून. चाकाची गाडी नाही, बैल नाही. माणसांनी दोर लावून ओढले, नदी ओलांडली, पुन्हा चढवले. दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने उलटा खाणीकडे गेलो. वाटेत मध्येच सोडलेले प्रचंड दगड पडलेत. गावकरी त्यांना ‘पिएद्रास कान्सादास’, थकलेले दगड, म्हणतात.

एकाच्या सावलीत मी बसलो आणि गावातून बांधून घेतलेलं मोठ्या दाण्यांचं उकडलेलं कणीस आणि चीज खाल्लं. पाठीला दगड गार लागत होता. खोऱ्यापलीकडे किल्ल्याच्या ताली उन्हात स्पष्ट दिसत होत्या.