आजींनी मोजलेले आटे

ट्रेलर दुरुस्तीचे काम मी गेली १७ वर्षे करत आहे. त्यातले निम्मे काम पॉप-अप कॅम्परचे, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायच्या आणि मुक्कामी उघडायच्या घडीच्या खोलीचे, असते, आणि त्यातही एक ठरलेला भाग म्हणजे खरेदीपूर्वीची तपासणी. एखाद्या कुटुंबाला वापरलेला कॅम्पर पसंत पडतो, विकणारा तो आमच्या वर्कशॉपमध्ये आणून उभा करतो, आणि व्यवहार होण्यापूर्वी मी तो वरून, आतून व खालून पाहून माझे मत लेखी देतो. त्या शनिवारी एकाच कुटुंबासाठी दोन कॅम्पर आले होते. पहिल्याविषयी मी सकाळी जे मत दिले, ते दुपार होण्यापूर्वीच मला मागे घ्यावे लागले, आणि ते चुकल्याचे मला तेरा वर्षांच्या एका मुलीने दाखवून दिले.

कुटुंब पाच जणांचे होते : नवरा-बायको, ही मुलगी, तिचा आठ वर्षांचा भाऊ आणि आजी. आजवर ते तंबूत राहत आले होते, पण आजींना आता जमिनीवरून उठणे जड जात होते. घन भिंतींचा मोठा कॅरॅव्हॅन ओढण्याची त्यांच्या गाडीची ताकद नव्हती, म्हणून घडीचा कॅम्पर घ्यावा असे ठरले. हा विचार योग्यच होता. मिटलेला पॉप-अप छातीइतका उंच असतो, त्यामुळे वारा कमी अडतो, आरशातून मागचा रस्ता दिसत राहतो आणि घराच्या गॅरेजमध्येही तो बहुधा मावतो. उघडल्यावर त्याचे छत वर जाते, दोन्ही टोकांचे पलंग ड्रॉवरसारखे बाहेर सरकतात आणि मधली पोकळी कापडाने बंद होते.

पहिला कॅम्पर मोठा होता. बारा फुटी पेटी, बाजूला सरकणारे जेवणाचे टेबल, फ्रीज, शेगडी, शिवाय पडद्याआड शौचालय. मी त्याच्या खाली पाठीवर सरकत गेलो. चौकटीला गंज नव्हता, तळाचे प्लायवूड टोच्याने टोचून पाहिले तर टोच्या आत शिरेना, छताच्या कडांना ओल मोजणारे यंत्र लावले तर काटा जागचा हलेना. पॉप-अप तपासताना माझे नाक हे पहिले उपकरण असते, कारण कापड ओले असताना मिटून ठेवलेला कॅम्पर उघडताक्षणी कुबट वास देतो, आणि तो वास कोणत्याही सुगंधी फवाऱ्याने झाकला जात नाही. इथे वासही नव्हता. इतका निगुतीने वापरलेला कॅम्पर वर्षातून एखादाच हाताखाली येतो. नुसता कॅम्पर ११८० किलोचा आणि सामानासह कमाल वजन १५०० किलो, असे पाटीवर लिहिले होते. गाडी किती ओढू शकते, असे मी विचारले. “१५०० किलो,” गृहस्थ म्हणाले. “मग निर्धास्त घ्या,” असे मी म्हणून गेलो.

वहिनींचा चेहरा उजळला. मुलांनी आपापले पलंगही वाटून घेतले.

मी अहवाल लिहायला बसलो होतो, तेवढ्यात मुलगी गाडीचे चालकाकडचे दार उघडून दाराच्या खांबावरचे स्टिकर वाचू लागली. तिने मला हाक मारून विचारले, “काका, माणसे आणि सामान मिळून ४१० किलोपेक्षा जास्त नको, असे इथे लिहिले आहे. कॅम्परचे वजन यात धरायचे का?” मी सवयीने म्हणालो, “नाही, कॅम्पर त्याच्या चाकांवर उभा असतो.” आणि वाक्य पुरे होता होताच मला माझी चूक कळली. कॅम्परचे बहुतेक वजन त्याच्या चाकांवर असते हे खरे, पण पुढचा दांडा जेथे गाडीच्या हिचवर, म्हणजे मागच्या लोखंडी जोडणीवर, टेकतो, तेथे त्याचा काही भार गाडीवर येतोच, आणि तो भार गाडीतल्या माणसांइतकाच त्या ४१० किलोंत मोजावा लागतो. हे मी शेकडो लोकांना समजावून सांगितले आहे. त्या दिवशी चांगल्या कॅम्परच्या मोहात मी फक्त ओढण्याची मर्यादा विचारली आणि गाडीवर काय लादले जाणार ते विचारलेच नाही.

दांड्याच्या जॅकखाली मी वजनकाटा ठेवला. कॅम्पर रिकामा असताना काटा १२८ किलो दाखवत होता. मग सगळ्यांची वजने विचारली. गृहस्थ ८२, वहिनी ६४, आजी ५५, मुलगी ४३ आणि मुलगा २६, म्हणजे २७० किलो झाले. हिचचे लोखंड १८ किलो. मुलीने फोनवर आकडेमोड केली : ४१० मधून हे वजा जाता १२२ किलो उरत होते. म्हणजे डिकी रिकामी, कॅम्परही रिकामा, पाण्याचा एक थेंब नाही की एक चादर नाही, तरी भार सहा किलो जास्त. पाण्याचा हिशोब तर सरळ असतो, एका लिटरला एक किलो. टाकी, गॅस, अंथरुणे आणि भांडीकुंडी भरल्यावर दांड्यावरचा भार दीडशेच्या घरात गेला असता.

गृहस्थांनी चांगलाच प्रतिवाद केला. त्यांचे म्हणणे असे की सामान कॅम्परच्या मागच्या टोकाला भरले, तर पुढचा दांडा आपोआप हलका होईल. तो हलका होतो हे खरे आहे, पण तोच खरा धोका आहे. बैलगाडीत मागे जास्त माल भरला की गाडी उलाळ होते आणि जू वर उचलले जाते. इथे जू उचलले जात नाही, तर भरवेगात कॅम्परचे शेपूट डावी-उजवीकडे झोके घेऊ लागते, आणि एकदा झोके वाढले की ते चालकाच्या हातात राहत नाहीत. म्हणूनच अशा ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार दांड्यावर असावा असे मानतात. तो त्याखाली नेऊन हिशोब जुळवणे म्हणजे एका खड्ड्यातून निघून दुसऱ्यात पडणे आहे. उलट गाडीवर जास्त भार घेतला तर तिचा मागचा भाग बसतो, पुढची चाके हलकी होतात, आणि स्टिअरिंग व ब्रेक दोन्ही सैल लागतात. गृहस्थ थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “सकाळी तुम्हीच निर्धास्त म्हणाला होता.” त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. मी चुकलो, एवढेच म्हणालो, आणि अहवालाचा तो कागद त्यांच्यासमोर फाडला.

दुसरा कॅम्पर केवळ तुलनेसाठी मागवलेला होता आणि तो कोणालाही बघावासा वाटत नव्हता. आठ फुटी पेटी, विटका रंग, एक शेगडी, छोटा बर्फाचा कप्पा. रिकामे वजन ६२०, कमाल ९५०, आणि दांड्यावरचा भार काट्यावर ६६ किलो. त्यात दोष मात्र भरपूर निघाले. टायरची नक्षी जवळजवळ नव्यासारखी होती, पण कडेवरच्या तारखेच्या कोडचे शेवटचे चार आकडे ३११४ होते, म्हणजे टायर २०१४ सालच्या एकतिसाव्या आठवड्यात बनलेले. “मग हे माझ्यापेक्षा मोठे आहेत,” मुलगा म्हणाला. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी वयाने मरतात. उन्हात एकाच जागी उभे राहून त्यांचे रबर आतून तडकते. चाक जॅकवर घेऊन फिरवले तर बेअरिंग घरघरत होते आणि ग्रीस काळे पडले होते. ट्रेलर हिचवरून सुटलाच तर त्याचे ब्रेक आपोआप लागावेत म्हणून जी बॅटरी असते, ती पूर्ण उतरलेली होती. गॅसगळतीच्या सूचकाची मुदत संपली होती.

तळ मात्र खणखणीत होता. छताच्या कोपऱ्यांवर अंगठा दाबला तर तो कुठेही रुतला नाही. टायर, बेअरिंग, सूचक, बॅटरी या एका दुपारच्या गोष्टी आहेत. पण छतात किंवा तळात पाणी मुरून लाकूड भुसभुशीत झाले असेल, तर मी गिऱ्हाइकाला नवी गादी आणि नवे पडदे बघायचेही नाहीत असे सांगतो.

मग मी माझी नेहमीची अट घातली. हा कॅम्पर त्यांनी स्वतः उघडायचा, स्वतः मिटायचा आणि मी फक्त बघायचे. विकणारा चार मिनिटांत सगळे उघडून दाखवतो तेव्हा काहीच कळत नाही. क्रम मी आधी सांगितला : प्रथम डावी-उजवी बाजू समतल करायची, चाकांना अटकाव लावायचे, मगच हिच सोडायचा, पुढच्या जॅकने पुढची-मागची पातळी साधायची, चार कोपऱ्यांचे पाय टेकवायचे आणि त्यानंतर छत. तरीही गृहस्थांनी कोपऱ्याचा पाय इतका फिरवला की एक चाक जमिनीवरून सुटू लागले. ते पाय डगमग थांबवण्यासाठी असतात, कॅम्पर उचलण्यासाठी नसतात. तसा उपयोग केला की चौकट पिळवटते आणि दार बसेनासे होते.

छताचा हँडल वहिनींनी घेतला. आजी खुर्चीवर बसून त्याचे आटे, म्हणजे फेरे, मोजत होत्या, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही. एका हँडलने तार ओढली जाते आणि पुलींवरून ती चारही खांब एकाच वेळी वर ढकलते, ही रचना मला अजूनही पाहत राहावीशी वाटते. अमेरिकेत लॉइड बॉन्ट्रेगर यांनी छत उचलण्याची आपली यंत्रणा तयार करून तिच्या बळावर १९६८ मध्ये जेको कंपनी सुरू केली, तीही शेतावरच्या कोंबड्यांच्या खुराड्यांत आणि कोठारात. इथे छत वर जाऊ लागले, पण मागचा डावा कोपरा दोन बोटे मागे राहिला. मी थांबायला सांगितले, छताखाली आधाराचे दांडके लावले आणि त्या कोपऱ्याच्या तारेवरून कापसाचा बोळा फिरवला. एका जागी कापूस अडकला. तारेचे चार-पाच धागे तुटून झाडूच्या काड्यांसारखे उभे राहिले होते. ही तार बदलल्याशिवाय कोणी आत बसायचे नाही, असे मी अहवालात लाल शाईने लिहिले.

आधारावर छत पक्के केल्यानंतर आम्ही कापड तपासले. खिडक्यांचे पडदे लावून घेतले की भर दुपारी आत अंधार होतो आणि कापडात भोक असेल तर चांदणीसारखे चमकते. मुलाने अकरा चांदण्या मोजल्या, त्यांतल्या बहुतेक घडीच्या रेषेवर. ठिगळाने भागणारे काम होते. वहिनींनी या वेळी फार योग्य प्रश्न विचारला : निघायच्या दिवशी पाऊस असेल तर काय करायचे? ओले मिटून घरी यायला हरकत नाही, पण एक-दोन दिवसांत कुठेतरी पुन्हा उघडून पूर्ण वाळवायचे, नाहीतर बुरशी धरते, असे मी सांगितले; म्हणजे घरी उघडायला मोकळी जागा आहे का, हा प्रश्न खरेदीपूर्वीचाच आहे. त्यांच्याकडे ती होती. कापडी भिंतींची दुसरी मर्यादाही सांगितली. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या फिशिंग ब्रिज या मुक्कामाच्या तळावर अस्वलांमुळे फक्त घन भिंतींच्या वाहनांना परवानगी आहे आणि पॉप-अपला तेथे जागा मिळत नाही. जिथे जायचे तिथले नियम आधी पाहावेत.

आजींनी मधल्या टेबलाचा पलंग करून त्यावर आडवे होऊन पाहिले. टोकाच्या पलंगावर चढताना गुडघा कंबरेपर्यंत उचलावा लागतो, तो त्यांना जमणारा नव्हता. हा खालचा पलंग त्यांना बसल्या जागेवरून गाठता आला. मोठ्या कॅम्परमध्ये त्यांच्यासाठी ठरलेली जागा टोकाचीच होती, हे तोवर कोणाच्याही लक्षात आले नव्हते.

उघडायला ५० मिनिटे लागली आणि मिटायला त्याहून जास्त, कारण कापडाचा एक पदर छत आणि पेटीच्या मध्ये दोनदा अडकला. दोन्ही वेळा छत पुन्हा वर घ्यावे लागले. गृहस्थ घामाघूम झाले, पण तोपर्यंत त्यांचा राग गेला होता. मुलीने पुन्हा आकडेमोड केली. पाणी मुक्कामाला पोहोचल्यावर भरायचे, जड सामान कॅम्परच्या आसाच्या वर ठेवायचे, डिकीत ३० किलोच न्यायचे. असे भरलेला कॅम्पर साधारण ७९० किलोचा होईल आणि दांड्यावर ८२ किलो येतील, असा माझा अंदाज होता. गाडीवर उरणारी जागा होती ९२ किलो. “दहा किलो शिल्लक,” ती म्हणाली. माझ्या मते ही शिल्लक फार नाही, आणि मी तसे लिहूनही दिले. प्रत्येक सहलीपूर्वी दांडा तोलायचा, या अटीवर मी दुसऱ्या कॅम्परला होकार दिला.

दुरुस्तीला दोन आठवडे गेले. नवे टायर, नवी तार, नवी बेअरिंग आणि नवे ग्रीस, अकरा ठिगळे. चाके नव्याने बसवल्यावर पहिल्या ८०-१०० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळावे लागतात, म्हणून पहिल्या सहलीहून परतताना ते वर्कशॉपवरून गेले. मी पाना लावत असताना हँडलच्या भोकाशेजारी पांढऱ्या रंगाने ठळक लिहिलेला आकडा दिसला : २६. छत पुरते वर आले तरी पुढे फिरवत राहिले तर तारेवर ताण येतो, हे मी त्या दिवशी सांगितले होते, आणि तार बदलल्यानंतर छत पहिल्यांदा नीट वर घेतले तेव्हा आजींनी शेवटपर्यंत आटे मोजले होते. नवीन तार थोडी ताणली जाते, तेव्हा एकदा पुन्हा मोजा, असे मी त्यांना म्हणालो. त्यांनी मुलाला हँडल आणायला पाठवले.