जळगावच्या गच्चीवर थाई बेसिल: माझा अनुभव

पुण्याला शिकणाऱ्या लेकीला घरी आल्यावर थाई करी करायची होती, परंतु तिला हवा असलेला जांभळ्या देठाचा आणि बडीशेपेसारख्या वासाचा पाला जळगावच्या बाजारात मिळाला नाही. तेव्हा मी बियांचे पाकीट मागवले. बी पाण्यात टाकताच सब्जासारखे फुगले. सब्जा आणि थाई बेसिल ही एकाच जातीची झाडे आहेत, तर आपली तुळस त्यांच्या कुळातली पण वेगळ्या जातीची, हे मला तेव्हा कळले.

पहिल्या खेपेस, मार्चमध्ये, मी शेतातली काळी माती कुंडीत भरली. कपाशीला सोसणारी ही माती कुंडीत मात्र पाणी धरून ठेवते आणि वाळली की भेगाळते. सहाव्या दिवशी उगवलेली रोपे आठवड्याभरात आडवी पडली. एक उपटून पाहिले, तर मातीलगतचा देठ दोऱ्याएवढा बारीक आणि काळपट झाला होता. मला फार हळहळ वाटली.

दुसऱ्या खेपेस एक भाग काळी माती, एक भाग वाळू आणि दोन भाग कुजलेले शेणखत घेतले, बी वरवर पेरून त्यावर चिमूटभरच माती भुरभुरली आणि वरची माती सुकल्याशिवाय पाणी दिले नाही. रोपे जगली, मात्र मे महिन्यात पारा ४४ अंशांवर गेल्यावर पानांच्या कडा करपू लागल्या, म्हणून दुपारपुरती हिरवी जाळी बांधली. सकाळचे ऊन त्यांना पुरेसे होते.

सर्वांत अवघड गेले ते खुडणे. झाडाला जांभळे तुरे आले, ते इतके देखणे होते की हात धजेना. सासूबाई म्हणाल्या, "तुळशीच्या मंजिऱ्या आपण खुडतोच ना, मग हिच्या का नको?" दोन पानांच्या जोडीच्या वर शेंडा कापला, तर तिथून दोन फुटवे निघाले आणि महिन्याभरात झाड झुडुपासारखे भरले. त्यानंतर मी तुरा दिसताच खुडते, कारण फुलोरा आल्यावर नवी पाने कमी फुटतात.

करीत हा पाला गॅस बंद करतानाच घालावा, म्हणजे वास टिकतो. खानदेशातली थंडी त्याला मानवत नाही, त्यामुळे नोव्हेंबरमध्ये चार फांद्या पाण्याच्या पेल्यात ठेवल्या. दहाव्या दिवशी पांढरी मुळे दिसली आणि त्या आता स्वयंपाकघराच्या खिडकीत कुंडीत लागल्या आहेत.