सिमलिंकचं काम: एकच खंड्या ४१ वेळा

मागच्या नोंदीत मी लिहिलं होतं की माझ्या फोटोंच्या ॲपमध्ये सिमलिंकची (दुसरीकडच्या फाइलकडे किंवा फोल्डरकडे नुसतं बोट दाखवणाऱ्या लिंकची) सोय करणं हे एका संध्याकाळचं काम आहे. तीन आठवडे गेले.

हवं होतं एवढंच: मूळ फोटो मोठ्या डिस्कवर एकाच जागी राहावेत आणि 'पक्षी', 'निवडक', 'छापायचे' या फोल्डरांत त्यांच्या नुसत्या लिंक असाव्यात. पायथनचं ओएस.वॉक (फोल्डरामागून फोल्डर चाळणारं फंक्शन) आपणहून लिंकमागच्या फोल्डरात शिरत नाही. त्याचा फॉलोलिंक्स हा पर्याय चालू केला की शिरतं, पण कुठे जाऊन आलो याची आठवण ठेवत नाही. चाचणीसाठी मुद्दाम एका फोल्डरात त्याच फोल्डरची लिंक टाकली, तर ग्रिडमध्ये एकच खंड्या ४१ वेळा! लिनक्सचं कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) एक पाथ, म्हणजे फाइलचा पत्ता, उलगडताना जास्तीत जास्त ४० लिंक ओलांडतं, मग ईलूप ही चूक देऊन थांबतं. मूळ फोटो एक, वर हे ४०. म्हणजे वाचवलं ते कर्नलने. माझा कोड आनंदाने पळतच होता.

उपाय म्हणून प्रत्येक फोल्डरचा डिव्हाइस क्रमांक (कुठली डिस्क) आणि आयनोड (त्या डिस्कवरचा फाइल-फोल्डरचा क्रमांक) यांची जोडी नोंदवली आणि पुन्हा तीच दिसली की मागे फिरायचं असं ठरवलं. लूप थांबला, पण 'निवडक'मधला लिंकने जोडलेला अख्खा अल्बम रिकामा दिसायला लागला, कारण तो आधीच एकदा पाहून झाला होता. आता जोडी फक्त वरच्या फोल्डरांच्या साखळीशी ताडतो. (आयनोड डेटाबेसमधली कायमची ओळख (की) म्हणून मात्र वापरू नका. फोटो नव्या डिस्कवर कॉपी केले की तो बदलतो.)

खरा घाम काढला तो जतन करण्याने. जेपेगमध्ये रेटिंग लिहिताना मी आधी तात्पुरती फाइल लिहितो आणि मग रिनेम करून जुनीच्या जागी बसवतो, मध्येच वीज गेली तरी फोटो शाबूत राहावा म्हणून. पण रिनेम लिंकच्या पलीकडे बघत नाही, लिंकलाच उडवतं. अल्बममध्ये लिंकऐवजी खरीखुरी फाइल येऊन बसली आणि मूळ फोटो रेटिंगविना तसाच. चूकसंदेश वगैरे काही नाही. डिस्क भरायला लागली तेव्हा कळलं! आता आधी रिअलपाथने मूळ जागा शोधतो आणि तात्पुरती फाइलही तिथेच लिहितो, कारण रिनेम एका फाइलसिस्टिममधून दुसरीत चालत नाही.

डिस्क जोडलेली नसताना लिंक तुटक्या दिसतात. पूर्वी ॲप असे फोटो 'गेले' समजून टॅग पुसायचं. आता ते करडे दिसतात, टॅग जागेवर.

डिलीटचं बटण अजून बंदच ठेवलंय. लिंक उडवायची की मूळ फोटो, हे विचारणारी चौकट लिहून झालीय, पण तिच्यातलं वाक्य वाचून मीच दोनदा चुकीचं बटण दाबलं.