‘नाना’ आणि आबा

२०१९च्या गणपतीआधी घराला रंग काढायचा म्हणून आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, ट्रंक उपसली, तेव्हा तळाशी जुन्या स्वेटरखाली एक खाकी पाकीट सापडलं. आत मेडिकल बोर्डाच्या निकालाचं एका पानाचं पत्र. उच्च रक्तदाब, अपंगत्व ३० टक्के, कायमचं. आणि पुढच्याच ओळीत : हा आजार लष्करी सेवेमुळे झालेला नाही, सेवेमुळे बळावलेलाही नाही. या शेऱ्याला फौजेत इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘नाना’ म्हणतात. ‘मला नाना लागला’ असं आबा कधीमधी म्हणायचे आणि मी लहानपणापासून समजत होतो, की नाना नावाचा कुणी सुभेदार त्यांना आडवा आला असणार.

आबा १९८९ला माण तालुक्यातून भरती झाले आणि सतरा वर्षांनी, २००६ला, नाईक म्हणून बाहेर पडले. नोकरीची पेन्शन सुरू झाली. अपंगत्वाचा जो वेगळा हिस्सा मिळतो, तो मात्र नाही. अपंगत्व किमान २० टक्के हवं, ते होतं. पण ते सेवेमुळे झालेलं किंवा वाढलेलं असावं लागतं, आणि तिथेच नाना बसला होता. याविरुद्ध सहा महिन्यांत अपील करता येईल, असं त्याच पत्राच्या शेवटी लिहिलं होतं. इंग्रजीत.

मी बँकेत कारकून आहे, कागदांना घाबरत नाही. माहिती अधिकारात अर्ज टाकून बोर्डाचे पूर्ण कागद मागवले, अपील केलं. काही महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं : मुदत संपली आहे. मग लॉकडाऊन. २०२१च्या शेवटी मी रजा टाकून सरळ फोर्टला हायकोर्टात गेलो. तिथे एका वकिलांनी पाकीट चाळलं आणि परत माझ्या हातात दिलं. म्हणाले, "हे इथे नाही. सैन्याचं न्यायाधिकरण वेगळं. मलबार हिलला जा."

सशस्त्र सेना न्यायाधिकरण असं काही मुंबईत आहे, हे मला तेव्हा कळलं. आबांना तर कधीच कुणी सांगितलं नव्हतं. पुढे वकीलबाई मिळाल्या (त्यांचे वडील नौदलात होते, त्यामुळे नाना त्यांना समजावून सांगावा लागला नाही), त्यांनी पहिल्या भेटीत अर्धा तास हेच सांगितलं, की हे कोर्ट आलं कुठून.

पूर्वी कोर्ट मार्शलमध्ये, म्हणजे फौजेच्या स्वतःच्या कोर्टात, शिक्षा झाली, की दाद मागायची ती वरच्या अधिकाऱ्याकडे किंवा सरकारकडे अर्ज करून. म्हणजे ज्या घराने मारलं त्याच घराच्या ओसरीवर. हायकोर्टात रिट करता यायचं, पण तिथे कार्यपद्धती नीट पाळली का एवढंच मुख्यतः बघत. पुरावा पुन्हा तोलत नसत. साध्या चोराला एकावर एक अपिलं आणि सैनिकाला एकही नाही, ही मोठी उणीव आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली पृथीपाल सिंग बेदी खटल्यात बोलून दाखवलं. अमेरिकेत तर १९५१पासून यासाठी तीन मुलकी न्यायाधीशांचं स्वतंत्र कोर्ट होतं, ब्रिटननेही त्याच साली कायदा केला होता. आपल्याकडे १९९९ला विधी आयोगाने आपल्या १६९व्या अहवालात न्यायाधिकरणाची शिफारस केली, कायदा २००७ला झाला आणि ऑगस्ट २००९मध्ये दिल्लीत मुख्य पीठ सुरू झालं. १९८२ ते २००९. आबांची अख्खी नोकरी या सत्तावीस वर्षांच्या पोटात मावते, वर दहा वर्षं उरतात.

मग ठिकठिकाणी प्रादेशिक पीठं झाली. मुंबईच्या पीठाकडे महाराष्ट्र, गुजरात आणि गोवा. हायकोर्टांत पडून असलेली फौजींची प्रकरणंही तिकडे वर्ग झाली. कोर्ट मार्शलवरची अपिलं कलम १५ खाली, आणि बढती, पेन्शन, सेवेतल्या बाकीच्या तक्रारी कलम १४ खाली. आमचं १४.

आबांचा मात्र वेगळाच प्रश्न होता. "न्यायाधीश कोण?"

वकीलबाईंनी सांगितलं, दोघं बसतात. एक न्यायिक सदस्य, हायकोर्टाचे न्यायाधीश असलेले. दुसरे प्रशासकीय सदस्य : मेजर जनरल किंवा त्यावरच्या हुद्द्यावर किमान तीन वर्षं राहिलेले, किंवा नौदल-हवाई दलातले त्या तोलाचे अधिकारी, लष्कराच्या विधी शाखेचा प्रमुख राहिलेलाही चालतो. दोघं हवेतच, एक खुर्ची रिकामी राहिली तर पीठ पुरं होत नाही. आबांनी सगळं ऐकून घेतलं. घरी येताना लोकलमध्ये भायखळ्याला म्हणाले, "म्हंजी जनरलसायबाम्होरं हुबं राहून त्येंच्याच खात्याविरुद्ध बोलायचं व्हय?"

मला तेव्हा त्यांचंच पटलं होतं. मुलकी न्यायाधीश समजू शकतो, पण जनरल कशाला? आज माझं मत तसं नाही. का ते पुढे येईल.

अर्ज करणं हे तसं कंटाळवाणं काम. निवृत्त माणसाला तो जिथे राहतो तिथल्या पीठाकडे अर्ज करता येतो, त्यामुळे आमच्या काळाचौकीच्या खोलीचा पत्ता चालला. उशीर माफ करण्याचा वेगळा अर्ज जोडला. बोर्डाच्या कागदांच्या झेरॉक्स इतक्या पुसट होत्या, की कार्यालयाने त्रुटी काढली. ती चूक माझीच, घाईघाईत काढल्या होत्या. पाच पानं टाइप करून पुन्हा जोडली. सहीच्या दिवशी आबांनी पहिलं पान वाचलं आणि पेन खाली ठेवलं. प्रतिवादी क्रमांक एक, भारत सरकार. क्रमांक दोन, लष्करप्रमुख.

"लष्करप्रमुखांवर केस? मी?"

वकीलबाई म्हणाल्या, सगळ्यांच्याच अर्जात असतं. आबांनी सही केली, पण त्या रात्री जेवले नाहीत.

न्यायाधिकरण मलबार हिलवर टेलिफोन खात्याच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर. ग्रँट रोडला उतरून टॅक्सी. पहिल्या तारखेला आबा इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट घालून साडेआठलाच तयार. व्हरांड्यात सगळे असेच : ताठ पाठीचे, पाय जुळवून बसलेले म्हातारे, मांडीवर प्लास्टिकच्या फायली. तिथे कोल्हापूरकडची एक बाई भेटली. नवऱ्याला कोर्ट मार्शलने शिक्षा दिलेली, हिचं अपील कलम १५चं. तिच्या वकिलाने तिला एकच गोष्ट पाठ करून दिली होती : इथे साक्षीपुरावे पुन्हा वाचतात, आणि शिक्षा जड वाटली तर कमीही करतात. ती हे मला दोनदा म्हणाली, जणू मीच निकाल देणार होतो. आबांनी तिला आपला डबा दिला.

सरकारचं उत्तर आलं, त्यावर आमचं उत्तर गेलं. दरम्यान मार्च २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परशोतम दास प्रकरणात निकाल दिला, की न्यायाधिकरणाच्या आदेशाविरुद्ध हायकोर्टात रिट करता येतं. २०१५पासून ते दार जवळजवळ बंद होतं. थेट सर्वोच्च न्यायालयात जायचं, आणि तेही सार्वजनिक महत्त्वाचा कायद्याचा मुद्दा असेल तरच. मुंबई सोडून दिल्लीला केस लढवणं काळाचौकीच्या माणसाला कसं झेपणार, हे कुणी विचारलं होतं की नाही देव जाणे. वकीलबाई खूश होत्या, पण मला म्हणाल्या, "हे दार सरकारलाही उघडलंय, विसरू नका."

सुनावणी २०२३च्या पावसाळ्यानंतर झाली, जेमतेम वीस मिनिटं. न्यायाधीशांनी सरकारी वकिलांना विचारलं, भरतीच्या वेळी या आजाराची नोंद आहे का? नव्हती. सर्वोच्च न्यायालयाचा २०१३चा धरमवीर सिंग निकाल यावरच उभा आहे : भरती होताना कागदावर आजार नसेल तर माणूस धडधाकट होता असं धरायचं, आणि नंतरचा आजार सेवेमुळे नाही असं म्हणणाऱ्याने कारण द्यायचं. सरकारी वकील म्हणाले, कारण दिलंय. आजार उघडकीला आला तेव्हा हा पीस स्टेशनला, म्हणजे सीमेपासून लांब शांत ठिकाणी, होता.

तेव्हा आतापर्यंत गप्प बसलेल्या जनरलसाहेबांनी मान वर केली. वकिलांना नाही, मागच्या बाकावर आबांना विचारलं, त्याआधी कुठे होतात? आबा उठले. उठले म्हणजे सावधानच झाले. "लद्दाख, साब. ढाई साल." उंची किती, थंडीत खाली यायला मिळायचं का, मीठ घातलेलं डबाबंद किती खायचात? तीन प्रश्न, तीन उत्तरं. आजार पीस स्टेशनला सापडतो, पण सुरू तिथेच होतो असं नाही, हे त्या खोलीत कायद्याच्या पुस्तकातून सांगता आलं नसतं. ते ज्याने तशा पोस्टवर हिवाळा काढलाय त्यालाच विचारता आलं.

आदेशात नाना उडाला. आजार सेवेमुळे बळावला असं धरलं, आणि २०१४च्या रामअवतार निकालाप्रमाणे ३० टक्क्यांचे ५० धरले. ५०च्या आतलं अपंगत्व ५०वर नेतात. थकबाकी मात्र अर्ज केल्याच्या आधीची तीन वर्षंच. हेही सर्वोच्च न्यायालयाचंच, २००८चा तरसेम सिंग निकाल : पेन्शन नाकारणं ही दर महिन्याची चूक, म्हणून उशीर माफ, पण मागचे पैसे तीन वर्षांचे. आमचा अर्ज जानेवारी २०२२चा, म्हणजे जानेवारी २०१९पासून.

आबांनी बोटांवर मोजलं. "सहा ते एकोणीस. त्येरा वर्सं कुठं गेली?"

वकीलबाईंनी सरळ सांगितलं, ती गेली. हायकोर्टात जाता येईल, पण या मुद्द्यावर फार आशा धरू नका. जायचं का, ते तुम्ही ठरवा. मी आबांकडे बघत होतो. त्यांनी आदेशाची प्रत नीट घडी करून खिशात ठेवली, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "चला घरी. नळाला पाणी यायची येळ झाली."