कावळ्याच्या घरट्यातला कोकीळ

आमच्या परसातल्या आंब्यावर यंदा वैशाखात कावळ्याच्या जोडीने काटक्यांचे आणि दोन-तीन तारांचे घरटे बांधले, तेव्हाच कोकिळेचा वावर वाढल्याचे माझ्या लक्षात आले होते. काळाभोर नर समोरच्या फांदीवर उघडपणे ओरडत बसे, कावळे चिडून त्याच्या मागे लागत, आणि ठिपक्यांची तपकिरी मादी मात्र पानांआड गप्प असे. तिने अंडे नेमके कधी घातले ते मला दिसले नाही. कोकिळेचे अंडे कावळ्याच्या अंड्याहून लहान असले तरी रंगाने बरेचसे तसेच, फिकट हिरवट-निळ्यावर तपकिरी ठिपके असलेले असते, आणि ते कावळ्याच्या अंड्यांच्या दोन-तीन दिवस आधी फुटते.

पावसाच्या तोंडावर घरट्याबाहेरच्या फांदीवर दोन पिल्ले बसलेली दिसली. त्यांतले एक कोकिळेचे होते. कावळिणीने अंगणातला भाकरीचा तुकडा उचलला आणि पंख थरथरवत, लालसर चोच वासून ओरडणाऱ्या त्या परक्या पिल्लाच्या घशात तो खोलवर सारला. तिचे स्वतःचे पिल्लू शेजारीच होते. युरोपातल्या कोकिळेचे पिल्लू यजमानाची अंडी पाठीने ढकलून देते, आपल्याकडचे सहसा तसे करत नाही, त्यामुळे दोन्ही पिल्ले एकत्र वाढू शकतात. तरीही आधी जन्मलेले पिल्लू घासात पुढे राहते, आणि कावळ्याच्या पिल्लासाठी माझा जीव तुटत होता.